सरळ बसलं की जास्त दुखतं, मग बसायचं तरी कसं?

ताई, तुम्ही लिहिलंय की सेलूजवळच्या गावात ब्लाऊज-ड्रेस शिवता, वय ४१, तीन वर्षांपासून मान, दोन्ही खांदे आणि कंबर दुखायलीय, एमआरआयमधे डिस्क बल्ज (दोन मणक्यांमधली गादी जराशी बाहेर फुगलेली) निघालंय, गोळ्या झाल्या, शेक झाला, मालिश झाली, कमरेला पट्टा लावलाय, आणि घरात जो तो म्हणतो सरळ बस, पण सरळ बसलं की दहा मिनिटात आणखीनच दुखतं. पुढं दोन गोष्टी विचारल्यात: पडून मनात कल्पना केली की स्नायू सैल होतात असं कुणी सांगितलं ते खरं का नुसतं मनाचं समाधान, आणि पट्टा सोडू का. मी फिजिओथेरपिस्ट आहे, परभणीत बरीच वर्षं काम करतेय. टेलरिंगवाल्या बाया, ऊसतोडीहून परत आलेल्या बाया, एसटीचे ड्रायव्हर, लातूरला क्लासला जाऊन मान धरलेली पोरं असे सगळे रोज समोर असतात, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

सरळ बसल्यावर जास्त दुखतं यात तुमचं काही चुकत नाही. 'सरळ बस' म्हणलं की आपण काय करतो बघा, छाती पुढं काढतो, खांदे मागं ओढतो, कमरेला खोबण पाडतो, हनुवटी वर करतो आणि तसंच धरून ठेवतो. म्हणजे वाकून काम करून जे स्नायू आधीच आवळलेले होते ते तसेच राहिले आणि वरून पाठीचे मोठे स्नायूही कामाला लावले. हे मोठे स्नायू ओझं उचलायला, जोर लावायला असतात, त्यांना दिवसभर धरून बसायला लावलं की लवकर थकतात. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्याच्यातला रक्तपुरवठाही कमी पडतो, मग जळजळ, ठणका, गाठ आल्यासारखं वाटणं हे सगळं सुरू होतं. मणक्याला लागून खोलवर बारीक स्नायू असतात, दिवसभर शरीर उभं धरायचं काम त्यांचं, थोड्या ताकदीत लई वेळ चालणारं. पण वरचे मोठे आवळून बसले की त्यांना त्यांचं काम नीट करताच येत नाही.

म्हणून माझं सांगणं उलटं आहे. सरळ व्हायसाठी आणखी काही करू नका. जे उगीच करताय ते आधी सापडू द्या, ते सुटलं की पाठ बरीचशी आपोआप उभी राहते.

एमआरआयचं आधी मिटवून टाकते, कारण तुमच्या लिहिण्यातून भीती दिसतेय. डिस्क बल्ज म्हणजे मणका सरकला, आता वाकायचंच नाही, असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. २०१५ साली एक मोठा आढावा छापून आला, त्यात ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांवर लोकांचे स्कॅन बघितले, तर वीस वर्षांच्या पोरांमधेसुद्धा ३० टक्क्यांना डिस्क बल्ज होतं आणि चाळिशीतल्या लोकांत निम्म्यांना. दुखणं काहीच नाही आणि स्कॅनमधे बल्ज! त्यामुळं रिपोर्ट खोटा नाही, पण तुमचं सगळं दुखणं त्या एका ओळीत आहे असंही नाही. आणि तीन महिन्यांच्या वर चाललेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात, अशा दुखण्यात मज्जासंस्था स्वतःच हळवी होऊन बसते, थोड्या ताणालाही मोठी कळ देते. तुमचं दुखणं शंभर टक्के खरंय, पण दुखतंय म्हणजे आत दरवेळी काहीतरी फाटायलंय असं नसतं.

आता ते 'उगीच करणं' कसं सापडवायचं. आजच एक करून बघा. मशीनवर बसा आणि सुईत दोरा ओवा, नेहमी ओवता तसाच, मुद्दाम काही बदलू नका. फक्त बघा की दोरा सुईच्या नेढ्याजवळ गेला तेव्हा श्वास चालू आहे का थांबला. दात दातावर दाबलेत का. जीभ टाळूला चिकटलीय का. कुठला खांदा कानाकडं गेलाय. दुसरा हात, ज्याला आत्ता काहीच काम नाही, त्याची मूठ वळलीय का. पायाची बोटं आत वळलीत का. बहुतेक बायांचं निम्मं तरी होतंच, आणि दोरा ओवला गेल्यावरही ते सुटत नाही, तसंच आवळलेलं घेऊन त्या अख्खी बाही शिवतात. दोरा ओवायला दोन बोटं आणि डोळे लागतात, बाकी जे काही अंगानं केलं ते फुकटचं. माझ्यासमोर बसवून मी हेच करून घेते, आणि बाई म्हणते, 'मॅडम, मी तर श्वासच घेत नव्हते.' हे जिला एकदा दिसलं ती सुधारणारच असं मला वाटतं, कारण आता तिला कुठं बघायचं ते कळलं. तुम्ही आठवडाभर काहीच दुरुस्त करू नका, फक्त असं पकडत जा. ओवताना, काज करताना, फोनवर बोलताना, चुलीपुढं, गिऱ्हाईक 'आजच पाहिजे' म्हणून दारात उभं असताना तर नक्कीच. रागवायचं नाही स्वतःवर, नुसतं बघायचं.

हा विचार काही माझा नाही. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर म्हणून ऑस्ट्रेलियातला एक माणूस होता, १८६९ चा जन्म, तो स्टेजवर पाठांतरं म्हणायचा आणि त्याचा आवाज बसायला लागला. डॉक्टरांना काही सापडेना तेव्हा त्यानं आरशासमोर उभं राहून स्वतःला बघितलं, तर बोलायला तोंड उघडायच्या आधीच तो डोकं मागं ओढून मान आखडायचा. ते सोडायला शिकला आणि आवाज सुधारला, मग आयुष्यभर लोकांना तेच शिकवलं. २००८ साली ब्रिटनमधे या पद्धतीची नीट चाचणी झाली, जुनी कंबरदुखी असलेले ५७९ लोक घेतले होते. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांचे वर्षानंतरही चार आठवड्यात साधारण २१ दिवस दुखण्यात जायचे, आणि ज्यांनी या पद्धतीचे २४ धडे घेतले त्यांचे ३. परभणी-सेलूत या पद्धतीचे शिक्षक मिळणं अवघड आहे, मी त्यातलं जे घरी करता येतं तेवढं सांगतेय.

बघायला लागलात की दोन जागा बोटानं चाचपून ठेवा, कारण आपल्या शरीरात सांधे कुठं आहेत याबद्दल आपल्या मनात चुकीचं चित्र असतं आणि हालचाल त्या चित्राप्रमाणं होते. पहिली, डोकं मानेवर कुठं बसलंय. लोकांना वाटतं मागं, मानेच्या खालच्या टोकाला जिथं हाड लागतं तिथं. नाही हो, ते वर आहे. दोन्ही कानांच्या पाळ्यांमागं बोटं ठेवा, त्या दोन बोटांच्या मधोमध आत खोल, साधारण तिथं डोकं टेकलंय. आता बोटं तिथंच ठेवून अगदी बारीक 'हो हो' करा, हनुवटी एखादं सूत खाली-वर. कापडाकडं बघायला सुरुवात इथून झाली पाहिजे, आपण मात्र पूर्ण मान पुढं काढून खाली घालतो. डोकं साडेचार-पाच किलोचं असतंय, ते पुढं लटकलं की मागच्या स्नायूंना ते दिवसभर ओढून धरावं लागतं.

दुसरी जागा जांघ. वाक म्हणलं की सगळे बेंबीच्या उंचीवरून वाकतात, पण वाकायचा मोठा सांधा त्याच्या खाली आहे, मांडी जिथं पोटाला मिळते त्या घडीत. तिथं बोटं रुतवा, आणि बसल्या बसल्या पाठ तशीच ठेवून त्या घडीतून पुढं झुका, मागं या. झुकताना खाली दोन टोकदार हाडं स्टुलावर गडगडल्यासारखी वाटतील, ती बसायची हाडं. वजन त्या हाडांवर आलं की कंबर धरून ठेवायची गरज कमी पडते. त्यांच्या मागं घसरून माकडहाडावर बसलं की पाठ गोल होणारच, मग कितीही 'सरळ बस' म्हणा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कल्पनेचा. खरंय ते, आणि त्यात चमत्कार काही नाही. तुम्ही स्नायूला हुकूम देऊन आवळू शकता, पण 'सैल हो' म्हणून हुकूम दिला की बरेचदा तो आणखीच आवळतो, कारण आपण 'सैल होण्यासाठी' काहीतरी करायला लागतो. मनात चित्र आणलं की मेंदू हालचालीची तयारी त्या चित्राप्रमाणं करतो. अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९३० च्या आसपास स्नायूंमधला विजेचा बारीक प्रवाह मोजला होता. माणूस हात न हलवता नुसता हलवल्याची कल्पना करायचा तरी त्याच हाताच्या स्नायूत प्रवाह दिसायचा, कल्पना सोडली की बंद. साधारण त्याच काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात मेबल टॉड नावाच्या बाई याच तत्त्वावर शिकवायच्या, आणि त्यांच्या विद्यार्थिनी लुलू स्वाइगार्ड यांनी पुढं नाचणाऱ्या मुलामुलींना हे शिकवलं. पडून करायची जी पद्धत आता सांगणार आहे ती त्यांच्याच परंपरेतली.

दुपारी करा, लाईट गेली की मोटरचं मशीन तसंही बंद असतंय. जमिनीवर जाड गोधडी टाका, पलंगावर नको. उताणं पडा, गुडघे वर, तळपाय जमिनीवर टेकलेले. गुडघे एकमेकांकडं झुकू द्या किंवा ओढणीनं मांड्या ढिल्या बांधून घ्या, म्हणजे पाय धरून ठेवावे लागणार नाहीत. डोक्याखाली पातळ टॉवेलची घडी, इतकीच की हनुवटी छताकडं उचलली जाणार नाही. हात पोटावर किंवा छातीवर आडवे. कंबर जमिनीला दाबायची नाही आणि उचलायचीही नाही. असं दहा-पंधरा मिनिटं. कंबर लई धरलेली असेल त्या दिवशी पोटऱ्या खुर्चीवर टाकून पडलं तरी चालतं.

पहिली दोन-तीन मिनिटं फक्त श्वास, तोही मुद्दाम मोठा नाही, येईल तसा. मग चित्र. पहिलं चित्र ओल्या वाळूचं. गोदावरीचं पाणी ओसरल्यावर काठाची ओलसर वाळू असते, तिच्यावर तुम्ही पडल्यात, आणि अंगाचं वजन वाळूत हळूहळू ठसा उमटवतंय. डोक्याच्या मागचा गोल ठसा, मग दोन्ही खांद्यांच्या पात्यांचे, मग माकडहाडाच्या वरच्या चपट्या हाडाचा. तुम्ही दाबायचं नाही, वजनानंच ठसा पडतोय. एका बाजूचा ठसा उथळ वाटेल, बहुधा त्याच बाजूचा खांदा जास्त दुखत असेल. तिथं थोडा जास्त वेळ थांबा, बस्स.

दुसरं चित्र खांद्यांच्या मधल्या जागेसाठी. तिथं कापसाचं पिकलेलं बोंड आहे असं धरा, घट्ट मिटलेलं. श्वास आत येताना त्याच्या पाकळ्या थोड्या सुटतात, कापूस बाहेर फुगतो, श्वास बाहेर जाताना तो तसाच मोकळा राहतो, परत मिटत नाही. कापूस वेचलेली प्रत्येक बाई हे चित्र लगेच बघते, कारण बोटांना माहीत असतंय उमललेलं बोंड कसं लागतं ते. जबडा दाबून धरायची सवय असेल तर हेच चित्र दोन्ही कानांपुढं, जबड्याच्या सांध्यावर आणा.

तिसरं चित्र मला एका बाईनं दिलं. बीड जिल्ह्यातली वडवणीकडची, ऊसतोडीहून उन्हाळ्यात परत आलेली, मानेनं बेजार. वाळू, कापूस, काहीच तिला लागू पडेना. मी विचारलं की तुम्हाला मान हलकी कधी वाटते, तर म्हणली, 'मोळी ट्रकात टाकल्यावर. टाकली की डोकं आपलं आपण वर जायलंय असं वाटतं.' त्या बाया उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात, तो क्षण तिच्या मानेला पक्का माहीत होता. तेच चित्र तिनं केलं आणि तिची मान पहिल्यांदा सुटली. तेव्हापासून मी प्रत्येकीला तिचा असा क्षण विचारते. तुम्ही पाणी वाहिलं असेल तर भरलेली घागर उतरवून चुंबळ काढली की डोकं कसं वर येतं ते आठवा, तेवढंच. हे चित्र बसूनही जमतं, मशीनवर, एसटीत, कुठंही.

एक जपायचं, चित्र बघताना शरीर हलवून ते 'करून दाखवायचं' नाही. डोकं वर जातंय म्हणून मान ताणली की झालं, परत पहिल्यासारखं. चित्र आणा आणि सोडून द्या, काही जाणवलं नाही तरी चालेल. सुरुवातीला बऱ्याच जणींना झोप लागते, लागू द्या. आणि मधेच रडू आलं तरी घाबरू नका, ज्या घरात देणं, पाऊस, पोरींची लग्नं हे सगळं एका बाईच्या मशीनवर चालतं तिथं खांदे आवळलेले राहतात यात नवल काय.

मशीनबद्दल थोडक्यात. वय ४१ आहे, चाळिशी लागली असेल, डोळे तपासून घ्या. लागणारा चष्मा न लावता काळ्या कापडावर काळा दोरा शिवायचा म्हणजे मान वाकडी होणारच, ती कितीही व्यायाम करून सुधारत नाही. सुईवर स्वतंत्र लाईट लावा. स्टूल इतकं उंच की गुडघे जांघेपेक्षा जरासे खालीच राहतील, कमी पडत असेल तर गोधडीची घट्ट घडी टाका. मोटर असेल तर एकच पाय पॅडलवर राहतो आणि वजन एका कुल्ल्यावर जातं, दुसरा पायही तितक्याच उंचीच्या पाटावर ठेवा. आणि बॉबिन संपली की उठायचं, हा नियमच करा. घड्याळ बघून कुणी उठत नाही पण बॉबिन संपली की हात थांबतातच, तेव्हा उठून चार पावलं टाका, घोटभर पाणी प्या, परत बसताना जांघेच्या घडीतून बसा. एकच 'बरोबर' पोझिशन शोधत बसू नका, अशी कुठली नसतेच. कटिंग कधी जमिनीवर, कधी उंच टेबलावर करा, बदल होत राहिला पाहिजे.

नुसत्या कल्पनेवर भागत नाही हेही सांगते. रोज वीस-तीस मिनिटं चालणं लागेलच, शेतापर्यंत जाऊन या, आणि दुखणं थोडं उतरलं की पाठीचे-पायाचे व्यायाम जवळच्या फिजिओकडून शिकून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉईड, व्हिटॅमिन डी आणि बी१२ एकदा तपासा. मेडिकलवरून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणून महिनोन्महिने खाऊ नका, पोट आणि किडनी दोन्हीला त्रास होतो. फरक कळायला काही आठवडे द्या, आणि लग्नसराईत पुन्हा उसळलं तर सगळं वाया गेलं असं समजू नका, ते उसळतंच.

पण पुढचं काही असेल तर गोधडीवर पडून राहू नका, लगेच डॉक्टर गाठा: लघवी-संडासवरचा ताबा जाणं किंवा लघवी अडकणं, जांघेत-बसायच्या जागी बधिरपणा, पाय किंवा हात लुळा पडायला लागणं, ताप येणं आणि वजन घटणं, पडल्यानंतर सुरू झालेलं जोराचं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, किंवा छातीत दाब येऊन डाव्या हातात-जबड्यात कळ जाणं. यातलं शेवटचं बायांमधे मानदुखी समजून घरी काढलं जातं, ते तसं काढू नका.

आणि पट्टा. ऑपरेशन किंवा फ्रॅक्चरसाठी दिला नसेल तर सोडायला हरकत नाही, ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेनं २०१६ च्या मार्गदर्शनात साध्या कंबरदुखीला पट्टा देऊच नका असं सांगितलंय. पण तीन वर्षांची सवय आहे तर एका दिवसात काढू नका. आधी घरात स्वयंपाक करताना काढा, मग एक बॉबिन संपेपर्यंत, मग दोन, एसटीच्या लांबच्या प्रवासाला वाटलं तर शेवटपर्यंत ठेवा. पहिले काही दिवस कंबर उघडी पडल्यासारखी वाटेल आणि तुम्ही नकळत पोट आवळून धराल, तसं झालं की बसायच्या हाडांवर वजन आलंय का बघा आणि एक श्वास सोडा. पट्ट्याशिवाय अख्खा दिवस गेला की मला कळवा, तेव्हा पुढचे व्यायाम सांगते.